किल्ली चिंगीकडे

२ मार्च

दादा,

फोनवर तुला ऐकू येत नाही आणि मी ओरडले की दुकानातली गिऱ्हाइकं दचकतात, म्हणून पत्र. तुझे कान हातोड्यानं गेले की बंदुकीनं, हा वाद पुन्हा कधीतरी घालू. आज काम वेगळं आहे.

घरात बंदूक असेल तर ती कुलपातच ठेवायची, नाही ठेवली तर दंड, असा कायदा करायचं घाटतंय हे तू वाचलंच असशील. त्यावर साध्या माणसांचं म्हणणं ऐकायचं म्हणून आमच्या गावात चिठ्ठ्या टाकून एक समिती नेमली, आणि त्यात माझं नाव निघालं. जन्मात कधी सोडतीत साधी छत्री लागली नाही, आणि हे लागलं! समितीत एक बेकरीवाली आहे, एक गाडी शिकवणारे गृहस्थ आहेत आणि एक निवृत्त मास्तर आहेत, जे कुणालाही वाक्य पुरं करू देत नाहीत. पहिल्याच बैठकीत मी फुशारकी मारली की माझा भाऊ कुलपंही बनवतो आणि बंदूकही बाळगतो, त्यालाच विचारते. तेव्हा आता माझी लाज राख.

माझं मत विचारशील तर, माझ्या औषधांच्या दुकानात झोपेच्या गोळ्यांचं कपाट कायद्यानंच बंद असतं. किल्ली माझ्या गळ्यात. मला त्यात कधी अपमान वाटला नाही. आपल्या अप्पांची दुनळी बंदूक मात्र अजून तुझ्या बाहेरच्या खोलीत खुंटीवर, टोप्यांच्या शेजारी लटकतेय. वहिनी काय म्हणतात याबद्दल?

तुझी,
चिंगी

९ मार्च

चिंगे,

कायदा झाला तर माझ्यासारख्या कुलूपवाल्याची चंगळ आहे. तरी मी विरोधात आहे, हे तुझ्या समितीला आधी सांग, म्हणजे माझ्या प्रामाणिकपणाबद्दल त्यांना शंका राहणार नाही.

तुझ्या गोळ्या मागायला दिवसभर परकी माणसं येतात. माझ्या घरात कोण? मी आणि तुझी वहिनी. पोरगी लग्न होऊन गेली, नातवंड अजून नाही. कुलूप परक्यासाठी असतं. घरातल्या माणसासाठी कुलूप लावलं की तो माणूस परका झाला म्हणून समज. आयुष्यभर लोकांच्या दारांना कुलपं बसवली, म्हणून हे मी जास्त चांगलं जाणतो. आणि बंदूक रिकामी असते, काडतुसं वेगळ्या डब्यात. अप्पांनी शिकवलं ते मी विसरलेलो नाही. आता सरकारचा माणूस येऊन माझी खुंटी तपासणार? त्याला आधी पायपुसण्यावर पाय पुसायला लावीन.

एक गंमत सांगतो. बँकेच्या साहेबानं परवा मला घाईघाईनं बोलावलं. तिजोरीची किल्ली तिजोरीतच ठेवून यानं दार ओढून घेतलेलं! बाहेर खुर्ची टाकून घाम पुसत बसला होता. मला म्हणतो, 'आवाज न करता उघडा, स्टाफला कळायला नको.' सगळा स्टाफ माझ्या पाठीमागे उभा होता.

तुझ्या वहिनीची काही तक्रार नाही. तिनं कधी काही म्हटलेलं नाही.

दादा

१५ मार्च

दादा,

साहेबाची गोष्ट मी समितीत सांगितली. मास्तरसुद्धा हसले. पण तुझ्या मतावर बेकरीवाली म्हणाली, 'एवढा मोठा कारागीर, आणि घरात कपाट करायला त्याला कायदा कशाला हवा?' हे तुला विचारायचं म्हणून मी लिहूनच घेतलं.

वहिनींनी कधी काही म्हटलं नाही, म्हणजे त्यांना काही म्हणायचं नाही, असं तुला कोणी सांगितलं? तू एक काम कर. एक कपाट बनव. जड गेलं, अडचण झाली, तर मी समितीला तसं सांगेन. नुसतं बसून मतं काय मीही देते.

चिंगी

११ एप्रिल

चिंगे,

घे, केलं कपाट. लोखंडी पत्रा, आतून लोकरीचा जाड नमदा लावला. कुलूप मी स्वतः घडवलं. असं कुलूप या वस्तीत दुसरं कुणी करून दाखवावं. किल्ली तुझ्या वहिनीच्या कमरेला. ती काही बोलली नाही, पण त्या संध्याकाळी गाणं गुणगुणत होती. खुंटीवर आता माझी टोपी एकटीच आहे. अडचण अशी काही झाली नाही, हे तुझ्या समितीला नाइलाजानं कळव.

उशीर झाला, कारण हल्ली माझी हत्यारं कुणीतरी हलवतं. कानस एका जागी ठेवावी, तर दुसऱ्या जागी सापडते. जावईबापू फार येतात अलीकडे. येतात आणि इकडेतिकडे बघतात. माणूस चांगला आहे, पण दुसऱ्याच्या हत्यारांना हात लावू नये एवढं कळायला हवं.

अरे हो, तुला एक गंमत सांगायचीच राहिली. बँकेच्या साहेबानं परवा मला बोलावलं. तिजोरीची किल्ली तिजोरीतच ठेवून यानं दार ओढून घेतलेलं! बाहेर खुर्ची टाकून घाम पुसत बसला होता.

दादा

१९ एप्रिल

दादा,

शाब्बास! समितीत तुझ्या कपाटाचं कौतुक झालं. मी उगाच कॉलर ताठ करून बसले होते.

पण बिचाऱ्या साहेबाला तू पुन्हा तिजोरीबाहेर बसवलंस? एकच गोष्ट दोनदा विकतोस, म्हातारा झालास की काय! आणि जावयाच्या नावानं खडे फोडू नकोस. मुलाला तुझं काम शिकायचं असेल. तू बोलावत नाहीस म्हणून नुसता बघत बसतो. शिकव की त्याला जरा.

चिंगी

६ मे

चिंगी,

तुझी वहिनी लिहितेय. ह्यांना सांगितलेलं नाही. भाजीच्या निमित्तानं बाहेर पडेन तेव्हा टपालात टाकीन.

तुझं मागचं पत्र ह्यांनी मला वाचून दाखवलं, आणि मग हळूच विचारलं, 'मी हे आधी लिहिलं होतं का गं?' मी म्हटलं, छे, तिचाच घोळ झाला असेल. तुला खोटं पाडलं, राग मानू नको. बरेच महिने मी असंच सावरून घेतेय. हत्यारं कुणी हलवत नाही, चिंगी. हेच ठेवतात आणि हेच शोधतात. जावई फार येतात, कारण मीच बोलावते.

मंगळवारी दुपारी ते कामाच्या खोलीतला बंद पडलेला पंखा बघायला आले होते. मी आत कपड्यांच्या घड्या घालत होते. हे बाहेरून आले आणि त्यांना दिसलं, की कुणी एक अनोळखी माणूस स्टुलावर चढून हत्यारांच्या फळीला हात लावतोय. तसेच घरात आले. माझ्याकडे बघितलं नाही, सरळ कपाटाकडे गेले. किल्ली माझ्या कमरेला होती. मला वाटलं, मागतील, आणि मी काहीतरी सांगून टाळीन. त्यांनी मागितलीच नाही. खिशातून तार काढली, वाकवली, आणि मी उठून उभी राहते तोवर कपाट उघडं होतं. सकाळी जेवलो की नाही ते ज्यांना आठवत नाही, त्यांच्या बोटांना सगळं आठवतं गं.

मी मागे धावले. जावई स्टुलावरच हात वर करून, 'बाबा, मी आहे, बाबा.' हे म्हणाले, 'मला बाबा म्हणायचं नाही. कुठून आलास ते सांग.' आवाज अगदी शांत होता, त्याचीच जास्त भीती वाटली. मला कसं सुचलं कोण जाणे. मी म्हटलं, 'अहो, काय करताय? गिऱ्हाईक आहे ते. कुलूप बिघडलंय त्यांचं.'

ह्यांनी बंदूक बाकावर ठेवली आणि हात पुढे केला. 'आणा बघू.' जावयांनी खिशातून सायकलचं कुलूप काढून दिलं. चांगलं होतं ते. ह्यांनी खोललं, साफ केलं, वंगण घातलं, परत दिलं आणि म्हणाले, 'पावसात ठेवत जाऊ नका.' मग जाऊन झोपले.

बंदूक भरलेली होती का, ते जावयांनी उघडून बघितलं. मी विचारलं तर म्हणाले, 'आई, जरा चहा टाका.' मी परत विचारलं नाही.

ती खुंटीवर होती तेव्हाही मला तिची धास्ती वाटायची. लग्न होऊन या घरात आले तेव्हापासून. पण म्हणणार कसं? ह्यांना वाटलं असतं, बायकोचा आपल्यावर भरवसा नाही. तुझ्या समितीला एवढं सांग. कायदा असता तर मला म्हणावंच लागलं नसतं. मी म्हटलं असतं, मेला तो कायदा, काय करणार, लावा कुलूप! आणि आम्ही दोघांनी मिळून सरकारला शिव्या घातल्या असत्या.

आता जावई म्हणतात, बंदूक मी घेऊन जातो. पण कपाट रिकामं दिसलं की हे चोर शोधायला निघतील, आणि चोर म्हणून कुणावर संशय घेतील ते तुला कळलंच असेल. मला काही सुचत नाही. तू सांग.

वहिनी

९ मे

वहिनी,

पत्र दोनदा वाचलं. आणि मी त्याची चेष्टा करत होते. रोज दुकानात विसराळू म्हाताऱ्यांना गोळ्यांच्या वेळा समजावून सांगते, आणि माझ्याच भावाचं पत्र मला वाचता आलं नाही.

आधी डॉक्टरांना दाखवा. मी येत्या आठवड्यात येते. पण तोवर एक करा. दादापासून लपवू नका. त्याचा चांगला दिवस बघा आणि त्याला सांगा. आजार म्हणून सांगितलंत तर तो रागावेल, नाहीतर खचेल. अडून बसलेलं कुलूप त्याच्यासमोर ठेवतात ना, तसं ठेवा. त्याला सोडवायला द्या.

जावयांना माझ्यातर्फे काय सांगायचं ते मला सुचत नाही. त्यांची काळजी घ्या.

चिंगी

२८ मे

चिंगे,

तू येऊन गेलीस ते बरं केलंस. डॉक्टर काय म्हणाले ते तुला माहीत आहे, ते पुन्हा लिहीत नाही. आज डोकं ठिकाणावर आहे, तेवढ्यात लिहून टाकतो.

तू यायच्या आधी तुझी वहिनी एका सकाळी माझ्यासमोर येऊन बसली. म्हणाली, 'एक गिऱ्हाईक आहे. तिच्या घरातला माणूस कुठलंही कुलूप तारेनं उघडतो. त्याच्यापासून एक वस्तू लांब ठेवायची आहे, पण ती त्याच्या डोळ्यांसमोरही राहिली पाहिजे. काय कराल?' मी विचारलं, माणूस कारागीर आहे का? म्हणाली, पहिल्या नंबरचा. मला मजा वाटली. कागद घेऊन आकृती काढायला लागलो. निम्मं कुलूप कागदावर उतरलं आणि मी तिच्याकडे काही विचारायला बघितलं, तर ती रडत होती. तेव्हा मला कळलं, गिऱ्हाईक कोण ते. मग तिनं त्या दुपारचं सगळं सांगितलं.

जावईबापूंसमोर जाऊन बसलो. काय बोलायचं कळेना. ते म्हणाले, 'बाबा, तेव्हापासून माझ्या सायकलचं कुलूप कसं लोण्यासारखं फिरतंय.' काडतुसं मी स्वतः त्यांच्या हातात दिली. पण दुकानदार माझ्या ओळखीचा आहे, नवीन मागितली तर देईल, म्हणून तेवढ्यावर भागणार नाही.

तर आता ऐक. नवं कुलूप केलं आहे. बाकीच्या कुलपांत खटका मागे ओढणारा तुकडा आतच असतो, म्हणून तर तार चालते. या कुलपात तो तुकडा बसवलाच नाही. तो किल्लीच्या टोकावर आहे. कितीही तार फिरवली तरी आत ओढायला काही नाही. तू म्हणशील, नवीन किल्ली घडवशील की. घडवीन. पण ती घासायला अख्खा दिवस बसावं लागेल, आणि माझ्या डोक्यात आता एक राग एवढा वेळ टिकत नाही. कानस घेऊन बसेन आणि कशाला बसलो ते विसरेन. विसरण्याचा काहीतरी उपयोग व्हायला नको का?

दार जाळीचं केलं आहे. अप्पांची बंदूक दिसते, म्हणजे मी चोर शोधणार नाही.

किल्ली एकच आहे. सोबत पाठवतो आहे. ती तुझ्याकडे राहील. तुझी वहिनी माझ्यासमोर रोज उठते-बसते, मी मागितली तर ती कुठवर नाही म्हणेल? तू लांब आहेस, आणि लहानपणापासून हट्टी आहेस. मी मागेन. कदाचित वाटेल ते बोलेन. देऊ नकोस.

समितीला माझं मत बदललं असं सांग. पहिलं मत एका शुद्धीवरच्या माणसाचं होतं, आणि तो कायम घरात असणार असं त्यानं धरलं होतं. कायदा हवा, तो शुद्धीवरचा माणूस घरात नसेल त्या दिवसासाठी. नाहीतर तेव्हा घरातल्या बाईनं त्याला अडवायचं तरी कशाच्या जोरावर?

दादा

३ जून

दादा,

किल्ली मिळाली. तेलाच्या फडक्यात गुंडाळलेली, तुझ्या हाताचा वास आला. दुकानात झोपेच्या गोळ्यांच्या कपाटात ठेवली आहे.

तुझं म्हणणं समितीत वाचून दाखवलं. वहिनींचंही, नाव न घेता. मास्तरांनी मध्ये एकदाही तोंड उघडलं नाही. शेवटी ते म्हणाले, 'माझ्याही घरात आहे एक. आज जाऊन बघतो.' कुलपाची सक्ती असावी, असं आम्ही एकमतानं लिहून दिलं. शिवाय, घरच्यांनी मागणी केली तर किल्ली घराबाहेरच्या माणसाकडे ठेवता यावी, हेही मी भांडून घालायला लावलं. पुढे सरकार काय करतं ते बघायचं.

दादा, तू मला हे काम दिलंस, याचा मला अभिमान वाटतो, आणि रडूही येतं.

चिंगी

१४ ऑक्टोबर

प्रिय चिंगी,

बऱ्याच दिवसांत पत्र नाही. तू बरी आहेस ना? इथे सगळं ठीक आहे. तुझ्या वहिनीचा गुडघा दुखतो. कामाची खोली बंद असते. मुलीचा नवरा रोज येतो आणि माझ्याबरोबर बसतो. गुणी मुलगा आहे, सायकलवर येतो.

एक छोटं काम आहे. अप्पांची बंदूक एका जाळीच्या कपाटात ठेवली आहे. नळीवर गंजाचा ठिपका दिसतो आहे. अप्पा असते तर मला रागावले असते. एकदा काढून पुसून तेल लावायचं, बस. चालवायची थोडीच आहे? तुझी वहिनी म्हणते, किल्ली तुझ्याकडे आहे. तुझ्याकडे कशी गेली ते मला आठवत नाही, पण असू दे, मी रागावलेलो नाही. पाठवून दे. पुसून झाली की लगेच परत पाठवतो.

हे कपाट कुणी केलं, तुला माहीत आहे का? मी तार घालून बघितली. आत ओढायला काहीच नाही! इतक्या वर्षांत असं कुलूप बघितलं नाही. फार हुशार माणूस असला पाहिजे. मला त्याला एकदा भेटायचं आहे. इथे कुलपांबद्दल बोलायला कुणी उरलं नाही.

तुझा,
दादा

१८ ऑक्टोबर

दादा,

तू शिव्या दिल्या असत्यास तर सोपं गेलं असतं. त्याची तयारी मी करून ठेवली होती. तुझं पत्र वाचून मी किल्ली पाकिटात घातली, पत्ता लिहिला, तिकीटही लावलं. वाटलं, एवढंसं तर मागतोय, नळी पुसायला. मग दुकानात कुणीतरी आलं, ते जाईपर्यंत मी पाकीट हातात धरून उभी होते. ते गेले आणि मी पाकीट फाडलं.

किल्ली पाठवणार नाही. गंजाचं म्हणशील तर लांब दांड्याच्या ब्रशला तेल लावून जाळीतून फिरव, ठिपका जाईल. सायकलवाल्या मुलाला सांग, तो करून देईल.

कपाट करणाऱ्याला मी ओळखते. माझ्या जन्मापासून ओळखते. तू म्हणतोस तसाच आहे, फार हुशार, आणि थोडा फुशारकीखोर. किल्ली त्यानंच माझ्याकडे दिली आणि कुणालाही द्यायची नाही असं बजावलं. तुझं नाव घेऊन बजावलं. मला तुझं मन मोडवत नाही, पण त्याला दिलेला शब्द त्याहून मोडवत नाही, कारण आपल्या माणसांवर इतका जीव असलेला दुसरा कुणी मी बघितला नाही. तो कोण, ते वहिनींना विचार. विसरलास तर परत विचार, त्या परत सांगतील.

मी शनिवारी येते आहे. आपण कुलपांबद्दल बोलू. मला त्यातलं काही कळत नाही, पण तू बोल, मी ऐकेन.

आणि लिहीत राहा. दुसरं काही सुचलं नाही तर किल्लीच माग. मी नाहीच म्हणेन, पण उलट टपाली म्हणेन.

तुझी,
चिंगी